विमान घेणं आणि विमान सांभाळणं



आज आपण विमानाबद्दल बोलणार आहोत. दीडशे-दोनशे माणसं नेणाऱ्या मोठ्या विमानाबद्दल नाही. ज्यात चार-सहा माणसं बसतात आणि जे एखाद्याच्या किंवा चार-पाच जणांच्या मालकीचं असतं, अशा लहान विमानाबद्दल. तुम्ही म्हणाल, आमची शेवयाची मशीन बंद पडलीय आणि ताई विमानाचं काय सांगायला बसल्या?

पण गटांच्या बैठकांना फिरताना आम्हाला एक गोष्ट परत परत दिसते. मशीन घेताना सगळ्या जणी पुढे असतात. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. वर्ष-दीड वर्षानं तीच मशीन गोणपाटाखाली कोपऱ्यात पडलेली असते. मोटर जळालेली असते आणि दुरुस्तीचे पैसे कुणी द्यायचे यावरून गट फुटायची वेळ आलेली असते. या प्रश्नाचं उत्तर लहान विमान बाळगणाऱ्यांनी कधीच शोधून ठेवलंय. तेच आज समजून घेऊया.

कोल्हापूरला विमान नवं नाही. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. पण खाजगी माणसाचं स्वतःचं विमान आपल्याकडे आजही दुर्मिळच. महाराष्ट्रात गाजलेलं उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. त्याआधीचे दोन प्रयत्न तडीला गेले नव्हते, हा तिसरा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते सुटं करून क्रेननं खाली उतरवलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांसमोर ठेवलं. त्याची नोंदणी झाली २०१७ मध्ये आणि चाचणी उड्डाणाचा परवाना मिळाला २०१९ मध्ये. म्हणजे विमान लोकांनी पाहिलं त्यानंतर कागद पुरे व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ गेला. वस्तू तयार असणं वेगळं आणि ती वापरायला लायक आहे असं ठरणं वेगळं.

आता असं विमान सांभाळायचं म्हणजे काय करायचं?

पहिली गोष्ट, तपासणी. विमान सुरू करायच्या आधी चालक त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारतो. पंख, चाकं, पंखा, तेल, सगळं हात लावून बघतो. टाकीतून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढतो. पाणी इंधनापेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाणी शिरलं असेल तर ते भांड्याच्या तळाशी दिसतं. हे सगळं तो मनानं करत नाही. यादी हातात धरून, एकेक ओळ वाचत करतो. वीस वर्षं विमान चालवणाराही यादी वाचतो. आपल्यातली किती जण कांडप यंत्र सुरू करण्याआधी पट्टा आणि वायर बघतात?

दुसरी गोष्ट, वही. विमानाचं इंजिन किती तास चाललं, तेल कधी बदललं, कुठला भाग बदलला, काम कुणी केलं, हे सगळं सहीनिशी लिहिलेलं असतं. लहान विमानांच्या बऱ्याच इंजिनांचं तेल साधारण पन्नास तासांनी बदलतात. ठरावीक तासांनी आणि दरवर्षी मोठी तपासणी होते, आणि ती परवाना असलेला इंजिनिअरच करतो. ही वही हरवली तर चांगल्या विमानाचीही किंमत पडते, कारण घेणाऱ्याला त्याचा मागचा इतिहास कळत नाही. विमान दुर्मिळ असलं तर वहीला जास्तच महत्त्व. त्याचे सुटे भाग दुकानात तयार मिळत नाहीत, शोधावे लागतात किंवा बनवून घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट, सुधारणा. जुन्या विमानात नवी उपकरणं बसवता येतात. पण आधी मंजुरी लागते आणि बसवल्यावर विमानाचं वजन आणि तोल नव्यानं मोजावा लागतो. पुढचं वजन वाढलं तर नाक जड होतं. आपलंही तसंच आहे. दोनच्या जागी पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली आणि वायर, स्टार्टर, विजेचा मंजूर भार जुनाच राहिला, तर ती सुधारणा नाही, ते संकट आहे.

चौथी गोष्ट ऐकून बायका हसतात. विमान वापरलं नाही तर जास्त खराब होतं. बंद राहिलेल्या इंजिनात आतून गंज चढतो. म्हणून जाणकार मालक ते नियमित उडवतो. झाकून ठेवलेली मशीन जपली जाते, हा आपला समज मनातून काढायला हवा.

आणि आता पैशाचं. ब्रिटनसारख्या देशात एकट्याला विमान परवडत नाही, म्हणून पाच-दहा जण मिळून एक घेतात. अगदी आपल्या गटासारखं. प्रत्येक जण दरमहा ठरावीक वर्गणी देतो. त्यातून विमा, जागेचं भाडं आणि वार्षिक तपासणी भागते. जो विमान उडवतो, तो उडवलेल्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे देतो. त्यातला काही भाग इंजिनाच्या फंडात बाजूला पडतो. बऱ्याच लहान विमानांच्या इंजिनाची साधारण दोन हजार तासांनी पूर्ण उघडून दुरुस्ती करायची असते. समजा तिचा खर्च वीस लाख रुपये आहे. मग पहिल्या तासापासून तासाला हजार रुपये बाजूला ठेवले, की दोन हजाराव्या तासाला पैसे तयार. कुणी कुणाकडे बघत बसत नाही, भांडण होत नाही.

मैत्रिणींनो, हे आत्ताच का सांगतोय? कारण खरोखरच उडणारं यंत्र आता गटांच्या दारात आलंय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. देशातल्या १५,००० महिला गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत, उरलेल्या रकमेला कर्ज, आणि सदस्येला १५ दिवसांचं प्रशिक्षण, असं तिचं स्वरूप. ड्रोनसोबत एक वर्षाचा विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करारही धरलेला आहे. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून देखभाल गटाच्या अंगावर येणार. बॅटरी कितीही जपली तरी झिजते. पंखे आणि नोझल बदलावेच लागतात. अनुदान घेण्याला मदत करतं, सांभाळण्याला नाही.

म्हणून ड्रोन असो, कांडप असो की पिठाची चक्की, गटानं घेण्याआधीच ठरावाच्या वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात. सुरू करण्याआधीची तपासणी यादी यंत्राजवळ भिंतीवर लावायची. यंत्राची वेगळी वही ठेवायची आणि ती लिहायची जबाबदारी एकीच्या नावावर करायची. दर एकरामागे, दर किलोमागे किंवा दर तासामागे देखभालीचे किती रुपये बाजूला ठेवायचे, हा आकडा ठरवायचा. ते पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि दिवाळीला नफा वाटताना त्यांना हात लावायचा नाही.

ज्या गटांकडे यंत्र आधीच आहे, त्यांनी येत्या बैठकीत हिशोब मांडावा. मोटर किंवा बॅटरी बदलायला आज किती खर्च येईल, ती आणखी किती दिवस टिकेल, आणि आजपासून दर कामामागे किती ठेवले तर तेवढी रक्कम जमेल. भागाकार सोपा आहे, आठवी-नववीतली मुलगीसुद्धा करून देईल. आकडा निघाला की आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात आम्ही तुमच्या गटाकडे येऊ, तेव्हा यंत्राआधी त्याची वही बघू.