वळवाच्या आठवड्याचे भाकीत

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : “हवामानखाते पावसाचा अंदाज कसा करते, आणि तो चुकतो का?” प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग विचारताना त्या जरा हसल्या, आणि आता आपणही हसलात. हवामानखात्यावर हसणे ही आपली जुनी करमणूकच आहे. मी आयुष्यभर मुलींना गणित शिकवले, हवामानशास्त्र नव्हे. पण हे भाकीत मुळात गणितच आहे, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करते.

पावसाळ्यातल्या पावसाबद्दल मी आज बोलणार नाही. बोलणार आहे ते चैत्र-वैशाखातल्या वळवाबद्दल. पंचांगात तो वसंत ऋतू. कोकिळा, मोगरा आणि आंबा यांचा. पण याच दिवसांत गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत असतात. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षे सुकत असतात, नाशिककडे कांदा काढून शेतात पडलेला असतो आणि दारोदार लग्नाचे मांडव असतात. नेमका तेव्हाच तिसऱ्या प्रहरी आभाळ काळवंडते, धुळीचा लोट उठतो, वीज कडाडते आणि अर्ध्या तासात वर्षाची बेगमी पाण्यात जाते. आणि वीज तर नुकसानीवर थांबत नाही, ती माणसे नेते.

हा वळीव होतो कसा? भुई तापते, तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते. समुद्रावरून आलेली दमट हवा तिच्याबरोबर वर जाते. वरती थंडावा असला की त्या वाफेचे पाणी होते, आणि पाणी होताना वाफेतली उष्णता बाहेर पडून तो ढग आणखी वर फेकला जातो. दुपारपर्यंत पांढऱ्या कापसासारखा असलेला ढग संध्याकाळी दहा-बारा किलोमीटर उंचीचा मनोरा होतो. असा एक ढग चार-पाच कोसांपेक्षा मोठा नसतो आणि तासा-दोन तासांत विरून जातो. म्हणून कोथरुडात गारा पडतात आणि हडपसरात ऊन असते. वळवाचे भाकीत अवघड का, त्याचे अर्धे उत्तर येथेच आहे.

आता गणिताकडे येऊ. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना? अशी कल्पना करा की साऱ्या पृथ्वीवर कोणी ठिपके मांडले आहेत. आणि जमिनीवर एक थर नव्हे, तर आभाळात उंचापर्यंत थरावर थर. प्रत्येक ठिपक्यापाशी हवेचा दाब किती, उष्णता किती, दमटपणा किती, वारा कुठल्या दिशेने आणि किती वेगाने, हे आकडे मांडायचे. मग भौतिकशास्त्राच्या नियमांनी हिशेब करायचा, की पुढच्या काही मिनिटांनी हे आकडे काय होतील. आलेल्या उत्तरावरून त्यापुढची काही मिनिटे. असे करीत दहा दिवसांपर्यंत जायचे. याला ‘मॉडेल’ म्हणतात. यात ज्योतिष काही नाही. हा आभाळाचा जमाखर्च आहे.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालविता चालविता असा हिशेब हाताने केला. दिवस निवडला होता २० मे १९१०. त्याच्या उत्तराप्रमाणे सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार वाढायला हवा होता. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाही नव्हता! पण या गृहस्थाने आपला फसलेला हिशेब १९२२ मध्ये पुस्तकात जसाच्या तसा छापला. पुढे कळले की रीत बरोबर होती, सुरुवातीचे आकडे मात्र एकमेकांशी जुळते नव्हते.

१९५० मध्ये अमेरिकेत ‘एनिअॅक’ नावाच्या प्रचंड यंत्रावर हा हिशेब पुन्हा झाला आणि तो जमला. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागले, हे खरे. या कामातली एक गोष्ट आपल्या मंडळात सांगितलीच पाहिजे. त्या शास्त्रज्ञांना यंत्राची भाषा शिकविणारी आणि त्यांचा शेवटचा आराखडा तपासून देणारी एक बाई होती, क्लारा फॉन नॉयमन. आणि आपल्याकडे? हवामान मोजायची उपकरणे परदेशातून आणावी लागत, त्या काळी १९४८ मध्ये अॅना मणी पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करविले. सुरुवातीचे माप चुकले तर पुढचे सगळे चुकते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. शिमला ऑफिसच्या चौकातून आपण रोज जातो. १९२८ मध्ये हवामानखात्याचे मुख्य ठाणे शिमल्याहून येथे आले, म्हणून ते नाव. तेथून जाताना या बाईंची आठवण ठेवावी.

आज हे काम आपल्याच गावात, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, ‘अर्क’ नावाच्या महासंगणकावर चालते. एकावर पंधरा शून्ये मांडा. त्याच्या अकरा पटींहून अधिक आकडेमोड तो एका सेकंदात करू शकतो. पूर्वी ठिपक्यांतले अंतर बारा किलोमीटर होते. २६ मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या नव्या मॉडेलात ते सहावर आले. अंतर निम्मे केले की ठिपके चौपट होतात, आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे काम आठपट. इतके करूनही आपला वळवाचा ढग सहा किलोमीटरच्या दोन ठिपक्यांमध्ये सहज लपू शकतो. रांगोळीच्या दोन ठिपक्यांत मुंगी बसली तर ती रेघेत दिसत नाही, तसेच हे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. १९६१ मध्ये एडवर्ड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने एक हिशेब पुन्हा मांडताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला. थोड्याच वेळात उत्तर मूळच्या उत्तरापासून पार दूर गेले. आभाळाचा स्वभावच असा आहे, की आजची मोहरीएवढी चूक आठ-दहा दिवसांत भोपळ्याएवढी होते. मोजमाप तर कधीच पूर्ण नसते. सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या सुमारास फुगे सोडतात, उपग्रह आहेत, रडार आहेत, जहाजे-विमाने आहेत. तरी समुद्रावर आणि डोंगरांत जागा रिकाम्या राहतातच.

मग शास्त्रज्ञांनी काय केले? तोच हिशेब सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा करायचा. आपल्याकडे २०१८ मध्ये असे २१ हिशेब एकदम करण्याची पद्धत सुरू झाली. एकवीस जणींना विचारले आणि अठराजणींनी सांगितले की गुरुवारी पाऊस, तर भरवसा मोठा. आठजणी हो म्हणाल्या आणि तेराजणी नाही, तर समजायचे की आभाळाचे अजून ठरलेले नाही. ‘चाळीस टक्के शक्यता’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की असे दहा दिवस आले तर त्यांतल्या सुमारे चार दिवशी पाऊस होईल. उरलेल्या सहांपैकी एखाद्या दिवशी ऊन पडले तर भाकीत चुकले असे होत नाही.

एक खरा आठवडा घेऊ या. मे २०२५. केरळात मोसमी पाऊस २७ मेला येईल, चार दिवस मागेपुढे, असे हवामानखात्याने सांगितले. तो २४ मेला आला. ‘तीन दिवस चुकले’ असे आपण म्हणतो. पण ‘चार दिवस मागेपुढे’ हे शब्द आपणच ऐकले नव्हते. त्याच आठवड्यात कोकण-कर्नाटकाजवळच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र झाले. ते किती वाढेल आणि कुठे जाईल यावर मॉडेलांचे एकमत नव्हते. लगेच ‘शक्ती’ नावाचे चक्रीवादळ येणार अशा वार्ता घरोघरच्या फोनवर फिरू लागल्या. अनेक हिशेबांपैकी सर्वांत भयंकर तेवढे एक चित्र उचलायचे आणि तेच होणार म्हणून सांगायचे, अशी ही रीत. प्रत्यक्षात चक्रीवादळ झालेच नाही. २४ मेला ते क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आले ते फार तर ‘डिप्रेशन’ म्हणून. (ते नाव पुढे ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच वादळाला मिळाले.) परंतु पाऊस मात्र खरा होता. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचला, एरवीची तारीख ११ जून असताना. कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाने १९१८ चा विक्रम मोडला. मृग लागायला अजून बारा दिवस होते! ज्यांनी ‘वादळ येणार’ ही आवई ऐकली ते घाबरले. ज्यांनी ‘वादळ नाही’ एवढेच ऐकले ते निर्धास्त राहिले आणि भिजले. ज्यांनी रोजची सूचना पुरती वाचली त्यांचे त्यातल्या त्यात निभावले.

तेव्हा सूचना वाचायची कशी ते सांगते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. आपल्या अंगणात पडला नाही म्हणून ते वाक्य खोटे ठरत नाही. ‘मुसळधार’ हाही मोघम शब्द नव्हे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार. रंगांचा अर्थ असा : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हातपाय हलवा. आणि भाकिताचा भरवसा दिवस जवळ येईल तसा वाढतो. आठवड्याआधीचे भाकीत म्हणजे नुसती चाहूल, दोन दिवस आधीचे म्हणजे तयारीची वेळ, आणि ढग रडारवर दिसल्यावर तीन तास आधी मिळते तो खरा इशारा. वळवासाठी हा शेवटचाच सर्वांत मोलाचा.

आता गणिताची एक गोष्ट, जी पुस्तकात कमी आणि संसारात जास्त लागते. तेच भाकीत सर्वांना सारखे नसते. शक्यता वीस टक्केच असली तरी कुरडयांची ताटे आत घ्यायला काय लागते? दहा मिनिटे. मग ती घ्यावीतच. पण वीस टक्क्यांसाठी लग्नाचा मांडव हलविणे शहाणपणाचे नाही. ताडपत्री आणून ठेवणे मात्र शहाणपणाचे आहे. सावध राहण्याचा खर्च किती आणि न राहिल्याचे नुकसान किती, याची तुलना करून ठरवायचे. आणि विजेच्या बाबतीत ही तुलना करूच नये, कारण एका पारड्यात जीव असतो. गडगडाट ऐकू आला की वीज आपल्यापर्यंत पोचू शकते असे समजावे. पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये, मोकळ्या शेडचा भरवसा धरू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाषाणच्याच संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे ॲप आहे. आपल्यापासून वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूतल्या विजेची सूचना ते फोनवर देते.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींची माहेरे खेड्यात आहेत. तेथे दुपारी चार वाजता कांदा गोळा करणाऱ्या, गवताचा भारा घेऊन उघड्या माळावरून परतणाऱ्या बाया आपल्या भावजया आणि पुतण्या आहेत. फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो, आणि बाई शेतात असते. महासंगणक आकडेमोड करील, हवामानखाते इशारा देईल. पण शेवटचे एक कोसाचे अंतर ज्याचे त्यानेच ओलांडायचे असते.

म्हणून मंडळाला माझ्या दोन विनंत्या आहेत. येत्या चैत्रापासून आपल्या फाटकापाशी एक फळा टांगावा. ज्या दिवशी नारिंगी किंवा तांबडी सूचना असेल त्या दिवशी ती मोठ्या अक्षरांत लिहावी. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या, समोरच्या बांधकामावरच्या मजूरबाया आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाया, सर्वांना ती दिसेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फळ्यावर त्या रंगाचे कापड बांधावे. दुसरी विनंती घरची. विजेचा इशारा आला की माहेरी एक फोन करावा, आणि तो फोन भावाला न करता, शेतात हाक पोचवील अशा कोणाला तरी करावा. फळ्याचा आणि रंगीत कापडाचा खर्च मी देते. तो रोज लिहिण्याची पाळी कोणी घ्यायची, ते मात्र आज उठण्यापूर्वी आपण ठरवू या.