ऐकावे आणि ऐकवावे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणिसांनी संगीतावर चार शब्द बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी गवई नाही आणि शास्त्रकार तर नाहीच नाही. गेली पन्नास-पंचावन्न वर्षे काही समानधर्मी स्नेह्यांच्या संगतीत जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात, त्यांवर वाद घालावा आणि त्या भरात चहा गार होऊ द्यावा, एवढेच या क्षेत्रातील माझे कर्तृत्व. परंतु या छंदात माझ्या हातून एक अपराध घडला आहे. त्याची कबुली आपल्याच माणसांपुढे द्यावी, असे फार दिवस मनात होते. म्हणून हा योग मी टाळला नाही.

आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाला. फ्रेड गैसबर्ग हे तज्ज्ञ आपली यंत्रसामग्री घेऊन आले आणि गौहरजान यांच्यासारख्या नामांकित गायिका त्यांच्या कर्ण्यापुढे गायल्या. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. पुढे १९०८ साली कलकत्त्यासच कारखाना निघाला, १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण आले, आणि चावीचा फोनो आपल्या दिवाणखान्यांत स्थिरावला. प्रत्येक बाजूस नवी पिन लावायची, असा आमच्या वडिलांचा दंडक होता. काटकसरीपायी आम्ही मुले तीच पिन पुन्हा वापरीत असू आणि पहिल्या स्वरालाच पकडले जात असू.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस अवघी तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. आमच्या मंडळातील पहिला आणि आजवर न मिटलेला वाद यावरूनच पेटला. एका स्नेह्यांचे म्हणणे असे की, जो राग उलगडावयास तासभर लागतो, तो तीन मिनिटांत गाणे म्हणजे समुद्र लोटीत भरणे होय. दुसऱ्यांनी उत्तरादाखल काही न बोलता अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी लावली. तबकडी संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. परंतु त्यांची तबकडी ऐकूनच गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाने गुरूच्या शोधार्थ घर सोडले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९६० साली अमीरखाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची दीर्घ तबकडी निघाली, तेव्हा पहिले स्नेही म्हणाले, “आता कोठे खरे गाणे मिळाले.” त्यांचेही खोटे नव्हते.

दुसरा वाद गतीचा. या तबकड्या मिनिटास ७८ फेरे घेतात, असे आपण मानतो. परंतु जुन्या काळी सर्वच मुद्रणे त्या गतीने होत नसत. चार-पाच फेऱ्यांचा फरक पडला, तरी गायकाचा स्वर पेटीवरील एका पट्टीने वर चढतो किंवा खाली उतरतो, आणि लयही त्याबरोबर बदलते. एकट्याने ऐकणाऱ्यास हे सहसा उमगत नाही. चौघे जमले, एकाने पेटी जुळवली, दुसऱ्याने त्याच गायकाची दुसरी तबकडी आणली, तिसऱ्याने त्याला प्रत्यक्ष ऐकल्याची आठवण सांगितली, म्हणजे सत्याच्या जवळ जाता येते. संग्रहाची प्रतिष्ठा कपाटात आहे; त्याचे ज्ञान मात्र संगतीतच आहे.

आणि जे मुद्रित झालेच नाही, त्याची हळहळ काय सांगावी? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांचे गाणे कसे होते, हे आपण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या गळ्यांतून ताडावयाचे.

आता माझ्या अपराधाकडे वळतो. आपल्याच ज्ञातीतील एक गृहिणी उत्तम गात असत. त्यांचे नाव मी घेत नाही. लग्नापूर्वी त्यांना चार वर्षांची तालीम मिळाली होती. पुढचे शिक्षण त्यांनी तबकड्या ऐकून केले. ज्या घरांत केसरबाईंच्या तबकड्या कौतुकाने वाजत, त्याच घरांत सुनेने चार लोकांत गाणे मात्र शिष्टसंमत नव्हते, हे आपण आज तरी प्रांजळपणे मान्य करावे. १९७२ साली माझ्या मामांच्या घरी, केवळ नातलगांसमोर, त्या एकदा बसल्या आणि पूरियाधनाश्री गायल्या. मी कोणाचे तरी स्पूलचे यंत्र मागून आणले होते. ती फीत माझ्यापाशी राहिली.

आमच्या मंडळातील एका स्नेह्यांनी ती तीनदा मागितली. तीनही वेळा मी काही ना काही सबब सांगितली. खरे कारण एवढेच होते की, जे दुसऱ्या कोणापाशी नाही ते मजपाशी असावे. माझ्या मेहुण्यांना मात्र नाही म्हणता आले नाही. त्यांनी आठवड्यासाठी म्हणून ती नेली आणि मला न विचारता तिची कॅसेट करून घेतली. हे कळल्यावर मी वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. घरच्या एका मंगलकार्यातही तोंड फिरवून बसलो.

१९९८ साली त्या बाईंची नात माझा पत्ता शोधीत आली. आजी जाऊन दहा वर्षे झाली होती. तिचा आवाज मुलीच्या कानी कधी पडलाच नव्हता. मी मोठ्या ऐटीने लोखंडी पेटी उघडली. आमच्या मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी लागली होती, थर सुटून बोटांना चिकटत होता. यंत्रावर चढविताच ती तुटली. मुलगी काही बोलली नाही. “असू दे, काका,” एवढेच म्हणून ती पायात चपला घालू लागली.

त्या रात्री मी मेहुण्यांना फोन केला. त्यांची कॅसेट पूर्वीच हरवली होती. परंतु तिच्यावरून त्यांनी एक प्रत दुसऱ्याला दिली होती, आणि तो दुसरा म्हणजे ज्यांना मी तीनदा विन्मुख धाडले तेच माझे स्नेही! दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः कॅसेट घेऊन आले. आवाज मंदावलेला होता, खरखर पुष्कळ होती. पण पूरियाधनाश्रीचा पंचम लागला आणि ती मुलगी रडू लागली. मी जे जपले ते गेले; जे माझ्या इच्छेविरुद्ध हातचे निसटले, तेवढेच उरले.

म्हणून माझी आपणांस नम्र विनंती आहे. आपल्या माळ्यावरील तबकड्या, स्पुले, कॅसेटी भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा आम्हांस दाखवा. महिन्यातून एका रविवारी संस्थेच्या सभागृहात श्रवणाची बैठक भरवू. मूळ वस्तू कोणी ठेवून घेणार नाही. तरुण मंडळी संगणकावर प्रत करतील आणि ती आपल्या समक्ष परत होईल. तबकडीवरील क्रमांक, गायक, राग, कोणाच्या घरची, हे सर्व वहीत उतरवू. घरगुती बैठकीची फीत असल्यास गाणाऱ्याच्या कुटुंबाची संमती आधी घेऊ. प्रसिद्ध तबकडीवरही कायद्याने साठ वर्षे हक्क असतो, त्याचे भान ठेवू. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेच्या रूपाने संग्राहक एकत्र आले आणि केवढे कार्य उभे राहिले! आपण आपल्या घरापुरते तरी करू.

१९७७ साली अमेरिकेने दोन ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात सोडली. त्यांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आपल्या गोमंतकातील केरी गावच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. त्यांचा स्वर सूर्यमालेच्या सीमेपार प्रवास करीत आहे. आपल्या आज्यांचा स्वर निदान माळ्यावरून दिवाणखान्यात यावा, इतकीच माझी अपेक्षा आहे.