मँचेस्टरचे बँड आणि लोकप्रियतेचा हिशेब

(गडमुडशिंगी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या नेहमीच्या अभ्यासक्रमात बसणारा नाही, याची मला कल्पना आहे. मागच्या बैठकीनंतर चहा घेताना आपल्यातल्या दोन तरुण कार्यकर्त्यांत वाद जुंपला. एकाच्या कानात १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश बँडची गाणी असतात. जॉय डिव्हिजन, न्यू ऑर्डर, द क्युअर, द स्मिथ्स ही नावे तो आपण शाहिरांची घ्यावीत तशी घेतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हे गोऱ्या मध्यमवर्गाचे रडगाणे आहे, ते त्यांच्या देशातही फारसे खपले नाही, मग करवीर तालुक्यातल्या पोराने ते कशासाठी कवटाळायचे? अध्यक्षांनी तो वाद माझ्या गळ्यात घातला. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडे संगीताचा निवाडा मागणे धाडसाचे आहे. पण वादात ‘खपले’ हा शब्द आला होता, आणि तो शब्द आला की आमच्या शास्त्राला तोंड उघडण्याचा अधिकार पोचतो.

प्रथम खपाचेच पाहू. द स्मिथ्स हा मँचेस्टरचा बँड १९८२ साली उभा राहिला आणि १९८७ साली मोडला. या पाच वर्षांत त्यांच्या एकाही सुट्या गाण्याने ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दहाव्या क्रमांकाच्या वर मजल मारली नाही. याउलट, त्या वर्षांत यादीच्या शिखरावर असलेल्या कित्येक गाण्यांची नावे आज त्यांच्या देशातल्या लोकांनाही आठवत नसतील. स्मिथ्सच्या १९८६ सालच्या ‘द क्वीन इज डेड’ या संग्रहाला मात्र तिथल्या ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाने २०१३ साली आजवरच्या सर्व संग्रहांत पहिला क्रमांक दिला. साप्ताहिकांच्या क्रमवाऱ्यांना मी फार किंमत देत नाही. मात्र त्यातून एक गोष्ट दिसते : एका विशिष्ट आठवड्यात किती लोकांनी पैसे मोजले, हे लोकप्रियता सांगते, किती लोकांना ती वस्तू चाळीस वर्षे टाकवत नाही, हे ती सांगत नाही. या दुसऱ्या गोष्टीला मी ‘ओढ’ म्हणेन. आपले दोन मित्र भांडत होते ते एक लोकप्रियतेबद्दल बोलत होता आणि दुसरा ओढीबद्दल, म्हणून.

आता ‘पर्यायी’ हा शब्द. हे संगीत कशाला पर्याय होते? सुरावटीला, पोशाखाला, की केशरचनेला? ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून स्वतंत्र कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. त्या यादीत शिरण्याची अट संगीताच्या जातकुळीची नव्हती, वितरणाची होती. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून दुकानात आली असली पाहिजे, एवढेच. या व्याख्येची गंमत अशी की, दशकाच्या अखेरीस कायली मिनोगसारखी निव्वळ बाजारू गाणी म्हणणारी गायिकाही त्याच यादीत वर चढली, कारण तिच्या कंपनीचे वितरण स्वतंत्र होते. संगीतप्रेमी मंडळी यावर नाक मुरडतात. मला मात्र ही व्याख्या अत्यंत प्रामाणिक वाटते. उत्पादन कोण करतो याइतकाच, ते माल म्हणून गिऱ्हाइकापर्यंत कोण नेतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. उसाच्या आणि दुधाच्या मुलखात हे मी समजावून सांगण्याची गरज नाही.

रफ ट्रेड नावाचे एक दुकान १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये निघाले. तिथे काम करणाऱ्यांनी ते सहकारी तत्त्वावर, समान वेतनावर चालविले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच्या तबकड्या काढायला सुरुवात केली, आणि पुढे निरनिराळ्या शहरांतल्या अशाच दुकानांना जोडून देशभराचे वितरणाचे जाळे विणले. द स्मिथ्स याच संस्थेकडून बाहेर आले. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने तर कलावंताच्या कामाची मालकी कलावंताकडेच राहील, असा रिवाज ठेवला. न्यू ऑर्डरचे ‘ब्लू मंडे’ हे १९८३ सालचे गाणे बारा इंची तबकडीच्या स्वरूपात तिथे सर्वाधिक खपलेले. दोन्ही संस्थांचे पुढे काय झाले? रफ ट्रेडचे वितरण १९९१ साली बुडाले, फॅक्टरी १९९२ साली. फॅक्टरी विकत घ्यायला एक मोठी कंपनी आली होती, पण कागद पाहता असे निघाले की विकण्याजोगी मालमत्ता, म्हणजे गाणी, कंपनीच्या मालकीची नाहीतच. माझ्या व्यवस्थापनशास्त्रातल्या सहकाऱ्यांना हा अडाणीपणा वाटतो. तो असेलही, पण कंपनी बुडाली तरी गाणी कलावंतांकडेच राहिली.

ओढीचे कारण केवळ वितरणात सापडणार नाही, हे मान्य. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा अधिकृत आकडा तीस लाखांच्या वर गेला. त्याच जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा विद्यार्थी होतो, आणि या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे आम्हांला कोणी सांगितले नाही. आज तो स्पष्ट दिसतो. कापडाच्या जुन्या राजधान्या एकामागून एक निकालात निघत होत्या. मँचेस्टरचे सूत मागेच संपले होते, परळ-लालबागचे संपत आले होते. कारखाना हेच ज्याचे भविष्य अशी जिथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत, तिथल्या वीस वर्षांच्या मुलाला कारखानाही नाही आणि दुसरे काहीच नाही, ही अवस्था त्या गाण्यांत आहे. ती घोषणा देत नाहीत, हे खरे. बर्मिंगहॅमच्या एका बँडने बेकारभत्त्याच्या अर्जाचा क्रमांकच आपले नाव म्हणून घेतला : यूबी-४०. कॉव्हेंट्रीच्या द स्पेशल्सचे ओस पडलेल्या शहराबद्दलचे गाणे १९८१च्या उन्हाळ्यात, शहराशहरांत दंगली चालू असताना, यादीत पहिले होते. परंतु मँचेस्टरच्या बँडमध्ये बहुतेक ठिकाणी केवळ एक उदासी, एक उपरोध, एक एकाकीपणा. आपल्या दुसऱ्या मित्राने त्याला रडगाणे म्हटले. मी त्याला विचारतो, माणूस बेकार झाला की तो पहिल्या दिवशी मोर्चात येतो, की घरात भिंतीकडे तोंड करून पडतो? आपण कार्यकर्ते आहोत. आपल्याला हे ठाऊक असले पाहिजे.

आणखी एक बाब, जिच्याकडे संगीतसमीक्षक सहसा पाहत नाहीत. गाणे करायला रिकामा वेळ लागतो, आणि रिकाम्या वेळाची किंमत कोणीतरी भरावी लागते. त्या मुलांच्या वेळाची किंमत कल्याणकारी राज्य भरीत होते. बेकारभत्ता होता, विद्यार्थ्यांना सरकारी अनुदान होते, विद्यार्थी संघांची सभागृहे कार्यक्रमांना मिळत होती. बीबीसीसारख्या सार्वजनिक नभोवाणीवर जॉन पील नावाचा निवेदक रात्री उशिरा, कुठल्याही मोठ्या कंपनीचा शिक्का नसलेल्या बँडना बोलावून त्यांचे ध्वनिमुद्रण करवीत होता. थॅचरबाईंनी तर स्वयंरोजगाराला उत्तेजन म्हणून बेकारांना आठवड्याला चाळीस पौंड देणारी योजना काढली, आणि कित्येक वादकांनी ती घेऊन त्यांच्याच राज्याविरुद्ध गाणी रचली. ज्या सार्वजनिक तिजोरीला आळशांचे अन्नछत्र म्हणून हिणविले गेले, तिच्यातून निर्यात होणारा एक उद्योग उभा राहिला.

इथे मला इचलकरंजी आठवते. तिला आपण महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसला. मुंबईच्या संपानंतर गिरण्यांचे विणकाम ज्या गावांकडे सरकले, त्यांत भिवंडी, मालेगाव आणि हेही होते. मग या मँचेस्टरमधून बँड का निघाले नाहीत? पोरांना सूर नाही म्हणून नव्हे. मजुरी मीटरवर आणि पिकावर मोजली जाते, पाळी बारा तासांची, खटखटाट असा की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. आणि माग बंद पडला तर भत्ता नाही. तिथल्या कामगाराची उदासी मँचेस्टरच्या पोरापेक्षा तसूभरही कमी नाही. तिला वेळ मिळालेला नाही.

तरीही ‘आपल्याकडे असे काही झालेच नाही’ असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करणार नाही. त्याच दशकात आपल्याकडेही वितरणाची एक क्रांती झाली, फक्त तिच्यावर कोणी कौतुकाची पुस्तके फारशी लिहिली नाहीत. १९७०च्या दशकापर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे बहुतांशी एचएमव्ही, असा एकछत्री कारभार होता. मग आखाती देशांतून येणाऱ्यांच्या सामानातून टेपरेकॉर्डर आले, आयातीचे नियम सैल झाले, आणि कॅसेट स्वस्त झाली. इथून शेजारच्या गांधीनगरातून मी माझ्या पहिल्या पगारातून टू-इन-वन घेतला, त्याची किंमत आजही तोंडपाठ आहे, पण ती सांगून तुमचा वेळ घेत नाही. कॅसेटमुळे काय झाले? प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज, वामनदादा कर्डकांचे शब्द आणि त्यांच्या मागून आलेल्या शेकडो गायनपार्ट्या, ज्यांना अभिजनांच्या दिवाणखान्यात जागा नव्हती, त्या वस्तीवस्तीत पोचल्या. १४ एप्रिलच्या आधी नव्या कॅसेटी निघू लागल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर त्या पथारीवर विकल्या जात. रफ ट्रेडच्या जाळ्याशी याची तुलना केली तर मला आपले जाळे अधिक अस्सल वाटते, कारण तिथे गिऱ्हाईक, गायक आणि विक्रेता एकाच वस्तीचे होते. हे संगीत कुठल्याही अधिकृत यादीत मोजले गेले नाही. मोजणारी यादीच नव्हती. लोकप्रियतेच्या आकड्यांवर विसंबणाऱ्या मित्राने एवढे लक्षात ठेवावे की, काय मोजायचे हे मोजणाराच ठरवितो.

आता पक्ष आणि गाणे. १९८४-८५च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपात बिली ब्रॅगसारखे गायक निधी जमविण्यासाठी फिरले, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये मजूर पक्षाच्या पाठिंब्यासाठी ‘रेड वेज’ नावाची कलावंतांची आघाडी निघाली. नाव एल लिसित्स्कीच्या १९१९ सालच्या क्रांतिकारी भित्तिचित्रावरून घेतलेले. पुढच्या जानेवारीत स्मिथ्सही न्यूकॅसलच्या कार्यक्रमात अचानक येऊन गाऊन गेले. सभागृहे भरली. जून १९८७ मध्ये थॅचरबाई तिसऱ्यांदा निवडून आल्या, आणि १९९० पर्यंत ती आघाडी विसर्जित झाली. पक्षाने कलावंतांना निवडणुकीसाठी पाहुणे म्हणून बोलाविले होते. आपल्या परंपरेत असे नव्हते. १९४४ साली लाल बावटा कलापथक काढणारे अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर हे चळवळीचे पाहुणे नव्हते. सेवादलाच्या कलापथकातून निळूभाऊ फुले आणि राम नगरकर घडले, ते शाखेतच वाढलेले होते. अण्णा भाऊंच्या मैनेच्या छक्कडीत संयुक्त महाराष्ट्राचा राजकीय मुद्दा आहे, पण तो गावी राहिलेल्या बायकोच्या विरहातून येतो. तिथे विरह आणि मागणी यांची फारकत नाही. आपल्या नंतरच्या पथकांनी मागणी ठेवली आणि विरह टाकला. गर्दी त्यानंतर ओसरली, असे माझे मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी चर्चेत बोलावे.

मात्र ओढ म्हणजे विचारनिष्ठा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हुजूर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून हे स्मिथ्सचे चाहते. त्या बँडचा गिटारवादक जॉनी मार याने डिसेंबर २०१० मध्ये जाहीरपणे त्यांना आमचे गाणे आवडून घेण्यास मनाई केली! अर्थात अशी मनाई बजावता येत नाही. आणि बँडचा गायक मॉरिसी पुढे ‘फॉर ब्रिटन’ या परदेशीयद्वेष्ट्या पक्षाची तरफदारी करू लागला. कामगारांच्या शहरातून आलेला आवाज कामगारांच्या बाजूने राहीलच, याची हमी कुठलीच कला देत नाही.

याहून बोलके प्रकरण न्यायालयातले आहे. या पर्यायी बँडमध्ये चौघे होते. ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नातले चाळीस-चाळीस टक्के गायक आणि गिटारवादक घेत, ढोलवादक आणि बास वाजविणारा यांना दहा-दहा टक्के. बासवाल्याने थोडी रोख घेऊन दहा टक्क्यांवर तडजोड केली. ढोलवादक माइक जॉइस न्यायालयात गेला आणि १९९६ साली त्याला समान भागीदार म्हणून पंचवीस टक्क्यांचा हक्क मिळाला. सहकारी दुकानातून विकल्या जाणाऱ्या तबकडीच्या आत ही वाटणी! आपल्याकडे कॅसेटवाल्या कंपन्यांचा रिवाज याहून कठोर होता : गायकाला, वादकांना एकरकमी काही रुपये, आणि पुढे लाखांनी खप झाला तरी त्याचा वाटा नाही. गीतकार-संगीतकारांना मानधनाचा वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आली. तोपर्यंत वामनदादांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

आज गाणे मोबाइलवर येते. वितरण पुन्हा दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या हाती गेले आहे, आणि कोणाचे गाणे कोणापुढे यावे हे त्यांचे यंत्र ठरविते. आपल्या मित्राला मँचेस्टरचे गाणे त्याच यंत्राने सुचविले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. त्याने ते ऐकावे. पण त्या यंत्राने त्याला इचलकरंजीच्या मागवाल्या पोराचे गाणे सुचविलेले नाही. तसे गाणे असेल, तर ते अजून कुठल्या तरी खोलीत फोनवर अर्धे मुद्रित होऊन पडलेले असणार. शाखेचे सभागृह आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी कुलूपबंद असते. त्याची किल्ली कोणाकडे असावी आणि तिथे मुद्रित झालेल्या गाण्याची वाटणी ढोलकीवाल्यासकट कशी लिहून ठेवावी, हे आजच्या बैठकीत ठरविता येण्याजोगे आहे.

माझे बोलणे इथे थांबवितो. चर्चेतला पहिला प्रश्न त्या दोघांपैकी एकाने विचारावा.