सपाट थरावर उगवणारी बेटे



हीरक महोत्सवाला नाव देणारा हिरा हा कार्बनचा स्फटिक. सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्या स्फटिकांतही अणूंची मांडणी हिऱ्यासारखीच असते. मात्र जर्मेनियमच्या अणूंमधील अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्के अधिक. निर्वात कक्षात सिलिकॉनवर जर्मेनियमचा थर चढवला, की त्याचे अणू खालच्या मांडणीशी जुळवून घेत आखडून बसतात. साधारण ३ अणुथरांपर्यंत पृष्ठभाग सपाट राहतो. मग साचलेल्या ताणापायी नॅनोमीटरच्या मापाची बेटे उभी राहतात. उंचवट्यावर अणूंना पसरण्यास वाव मिळतो. स्ट्रान्स्की व क्रास्तानोव्ह या बल्गेरियन शास्त्रज्ञांनी १९३८ साली अशा वाढीचे विवेचन केले.

सपाट थर हवा असणाऱ्या तंत्रज्ञाला ही बेटे म्हणजे वैगुण्य. परंतु गॅलियम आर्सेनाइडवर अशाच रीतीने उगवलेली इंडियम आर्सेनाइडची बेटे इलेक्ट्रॉनांना कोंडून ठेवतात आणि लेसरमध्ये प्रकाश देतात. मात्र बेटे फार वाढू दिली, तर अणूंच्या रांगा तुटून स्फटिकात कायमचे दोष शिरतात. म्हणून तापमान व वेग सांभाळून योग्य क्षणी वाढ थांबवावी लागते. ताण तोच, त्याचे वैगुण्य व्हावे की गुण, हे त्या क्षणाच्या जाणिवेवर ठरते.