आधी मांडी बघा

लातूरच्या एका वसंत व्याख्यानमालेत विषय छापला होता ‘जुनाट दमा आणि आपण’. वक्ते नांदेडचे छातीरोगतज्ज्ञ. फुफ्फुसाचं चित्र पडद्यावर आलं आणि गेलं. ‘सीओपीडी तुम्हाला ठाऊकच आहे,’ म्हणून डॉक्टरांनी श्वासनळ्या अरुंद करणारा तो आजार दोन वाक्यांत उरकला आणि एक बिनहातांची खुर्ची पुढे ओढली.

त्यांचा हट्ट एकच : या रोग्याची छाती नंतर तपासा, आधी मांडी बघा.

हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. पहिल्या रांगेतले निवृत्त गुरुजी तडक पुढे आले आणि चौथ्या खेपेला थांबले. ‘गुडघे हो, छाती ठणठणीत आहे!’ सभागृह हसलं. डॉक्टरही हसले, पण घड्याळ त्यांनी लपवलं नाही.

धाप लागते म्हणून माणूस गंजगोलाईच्या बाजारापर्यंत चालणं सोडतो. बसून मांडी वाळते, वाळलेली मांडी लवकर थकते आणि धाप आणखी आधी लागते. भरीला शरीरात मुरलेला दाह, आणि श्वास ओढण्यातच खर्ची पडणारं अन्न. हाडंही याच वाटेनं जातात. वरचेवर घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या ती आणखी ठिसूळ करतात. मग वाकून घागर उचलण्याचं निमित्त होतं आणि मणका दबतो. छातीमागचा एक मणका दबला की फुफ्फुसात मावणारी हवा सुमारे ९ टक्क्यांनी घटते, असं ठिसूळ हाडांच्या स्त्रियांवरच्या १९९०च्या अभ्यासात दिसलं होतं.

‘बिड्या सोडा म्हणा की!’ मागून कुणीतरी ओरडलं.

डॉक्टर जरा चिडले. बिडी वाईटच, पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवरच लिहिलं होतं, त्याचं काय? इथून गाडी त्यांच्या आजीच्या चुलीच्या धुराकडे वळली. तुराट्या आणि पऱ्हाट्या भर्रकन जळतात, म्हणून सारणाऱ्याला जाळापुढून हलता येत नाही. आजीनं बिडी कधी शिवली नाही, तरी शेवटी ती कमरेत वाकली आणि धापेनं ओसरीतच अडकली. त्या चुलीपुढे दहा मिनिटं गेली. संयोजकांची चिठ्ठी आली.

उपचार त्यामुळे दोन मिनिटांत आटोपले. देखरेखीखाली सहा-आठ आठवडे पायांचा व्यायाम. ‘थंड’ म्हणून दही-केळं सरसकट बंद करू नका. डाळीच्या गावात आजाऱ्याला वरणाचं नुसतं पाणी कशाला, घट्ट वरण वाढा, चालत असेल तर अंडं द्या. ‘ड’ जीवनसत्त्वाचा तक्ता न दाखवताच पुढे गेला. ‘आणि स्टिरॉइड मनानं बंद करू नका, एकदम तर नाहीच. तोंडानं ओढायचा पंप वेगळा, त्याला भिऊ नका.’ ‘किती एचपीचा?’ कुणीतरी विचारलंच.

आभार सुरू होण्याआधी एक बाई उभ्या राहिल्या. स्वयंपाक गॅसवर गेला, पण आंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवरच तापतं. पऱ्हाट्या फुकट मिळतात, त्यांचं काय करायचं?

डॉक्टरांनी माइक हातात घेतला, संयोजकांकडे पाहिलं आणि ओढून आणलेल्या त्याच खुर्चीत बसले.