बक्षीस नको, वाटा हवा

(कफ परेड मच्छीमार नगर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन होड्यांचा नाखवा असो, पाच-सात माणसांचा कारखानदार असो की खानावळ चालविणारी बाई असो, प्रत्येकाची तक्रार एकच असते: ‘माणसे टिकत नाहीत, टिकली तर मन लावून काम करीत नाहीत.’ व्यवस्थापनशास्त्राचे पंडित त्यावर शाबासकी, बक्षीस आणि गोड बोलणे असे उपाय सुचवितात. माणसाला गोड शब्द हवा असतो, हे मी नाकारीत नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी आधी विचारीन की, ज्या कामात मन घालावयाचे त्याच्या फळात त्या माणसाचा वाटा किती?

हा प्रश्न आपल्या वस्तीला परका नाही. कोळ्यांच्या होडीवर पूर्वापार वाट्याची पद्धत होती. विक्रीतून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा आणि होडीवरच्या माणसांचे वाटे पडत. निसटलेले म्हावरे प्रत्येकाच्याच वाट्यातून निसटत असल्यामुळे जाळे ओढताना कोणी हात राखीत नसे. पुढे इंजिन आले, डिझेल आणि बर्फाचा खर्च आला, भांडवल वाढले. आणि अनेक होड्यांवर वाटेकऱ्याच्या जागी पगारी खलाशी आला. हंगामापूर्वी त्याला उचल द्यावयाची आणि ती फिटेपर्यंत धरून ठेवावयाचे, ही रीत रूढ झाली. उचलीने खलाशी होडीवर राहतो. त्याचे मन होडीत राहीलच, याची हमी ती उचल देत नाही.

बक्षिसाचा अनुभव गिरणगावाने १९२४ साली घेतला आहे. पहिल्या महायुद्धाच्या व त्यानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी काही वर्षे बोनस दिला आणि नफा घटताच १९२३ सालचा बोनस नाकारला. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने नेमलेल्या समितीने मात्र बोनसवर कामगारांचा हक्क पोहोचत नाही असा निर्वाळा दिला. मालकाच्या लेखी ते बक्षीस होते. कामगार त्यावर संसाराचा हिशेब मांडून बसला होता. हा हक्क कायद्याने सर्वत्र मान्य होण्यास १९६५ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही वीसांहून कमी माणसांचे बहुतेक लहान धंदे त्या कायद्याबाहेरच राहिले. म्हणून लहान धंद्यात हा प्रश्न नाखव्याच्या आणि आपल्या विवेकावर येऊन ठेपतो.

येथून जवळच, गिरगावात, १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. आज तिच्या सभासद-बहिणींची संख्या चाळीस हजारांच्या पुढे आहे. लाटणारी बाई तेथे नोकर नाही, सभासद आहे. तिला लाटणावळ मिळते, शिवाय नफ्यातही वाटा मिळतो. वजनावर मोबदला देणारे हे घरबसले काम शेवटी उक्तेच आहे, ही समाजवाद्यांची शंका रास्त आहे. तरीही पापड जाड लाटला गेला तर नुकसान कोणाचे, हे त्या बाईला मुकादमाने सांगावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘वाटा म्हणजे तोट्यातही वाटा. समुद्र रिता निघाला तर खलाशाने खावे काय?’ आक्षेप खरा आहे. ज्याच्याजवळ होडी नाही त्याच्यावर होडीचा धोका लादणे हा समाजवाद नव्हे. म्हणून आधी पोटापुरता ठरलेला पगार आणि त्यावर वाटा, असा क्रम असावा. दुसरी गोष्ट हिशेबाची. लिलावात काय भाव आला, डिझेल-बर्फाला किती गेले, हे प्रत्येक फेरीनंतर खलाशासमोर वाचले जावे. न दिसणाऱ्या नफ्यातील वाट्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. तिसरी गोष्ट पावसाळ्याची. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि नेमकी याच दिवसांत उचलीची गरज पडते. हंगामातील प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम बंदीच्या काळासाठी खलाशाच्या नावे बाजूस पडली, तर उचलीचा फास बराच सैल होईल.

नाखवाही सुखात नाही, याचे भान आपल्या कार्यकर्त्यांनी ठेवावयास हवे. तो व्यापाऱ्याच्या आणि कर्जाच्या कात्रीत आहे. त्याला गिरणीमालकाच्या पंगतीस बसविणे अन्यायाचे होईल. पण आपल्यावर झालेली पिळवणूक खालच्या माणसाकडे सरकविण्याचा परवाना त्यामुळे त्याला मिळत नाही. पावसाळी निधीसारखे ओझे एकट्या नाखव्याला पेलणारे नाही. ते सहकारी सोसायटीने उचलावे. सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा आणि त्या सभेत खलाशालाही बोलू द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. मन लावून काम का होत नाही, याचे उत्तर त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी देऊ शकणार नाही.