मैत्रिणीकडे जायला कारण कशाला हवं?

आज बचतीवर किंवा कर्जाच्या हप्त्यावर मी बोलणार नाही. आज बोलायचंय ते एसटीत बसून मैत्रिणीकडे जाण्याबद्दल.

आपण बायका प्रवास करत नाही असं नाही. माहेरी जातो, लग्नाला, बारशाला, दवाखान्यात, मयतीला जातो. पण "मैत्रिणीला भेटायला चालले" असं सांगून निघालेली बाई तुम्ही किती पाहिल्या? घरातले विचारतात, "तिकडे काय कार्यक्रम आहे?" कार्यक्रम काहीच नसतो. म्हणून जाणं राहून जातं, आणि बघता बघता दहा-बारा वर्षं होतात.

माझी कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन बऱ्हाणपूरला गेली. घाटाखालच्या गावांना बऱ्हाणपूर काही परकं नाही, रोटीबेटीचा व्यवहार आहे. तरी राज्य बदललं की आपल्याला ते लांब वाटतं. खरं तर रस्ता सरळ आहे. बुलडाण्याहून राजूर घाट उतरायचा, मोताळा, मलकापूर, तिथून मुक्ताईनगर, पुढे इच्छापूर आणि मग बऱ्हाणपूर. आमच्या गटातल्या एका काकूंना बरोबर घेतलं आणि निघालो.

तिकिटाचं नीट लक्षात ठेवा. 17 मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. हद्दीपुढचं भाडं पूर्ण लागतं. तेवढे पैसे वेगळे बांधून ठेवा. मध्य प्रदेशातलं सरकारी परिवहन महामंडळ बंद करायचा निर्णय 2005 मध्येच झाला. त्यामुळे तिकडे फिरायचं तर खासगी बस. बसायच्या आधी भाडं विचारा, आणि उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या.

आता भाषेची गंमत. खासगी बसमधला पोरगा काकूंना म्हणाला, "अम्मा, सीट खाली है." काकू वाकून सीटच्या खाली बघायला लागल्या! हिंदीत खाली म्हणजे रिकामी, हे त्यांना कुठून माहीत? पुढे मैत्रिणीच्या शेजारणीनं विचारलं, "आपकी शिक्षा कितनी हुई?" काकू घाबरून म्हणाल्या, "माय, मी काय गुन्हा केला?" शिक्षा म्हणजे तिकडे शिक्षण. सगळ्या जणी पोट धरून हसल्या आणि त्या हसण्यातच ओळख झाली.

ती शेजारीण समूहाची अध्यक्ष निघाली. आपण बचत गट म्हणतो, त्या स्व-सहायता समूह म्हणतात. आपला ग्रामसंघ, त्यांचं ग्राम संगठन. त्यांच्याकडे 2023 मध्ये लाडली बहना आली, आपल्याकडे 2024 मध्ये लाडकी बहीण. नावं वेगळी, पण हप्ता थकला की होणारी भांडणं अगदी सारखी.

बऱ्हाणपूरला दोन भाषांची सवय आजची नाही. तिथली जामा मशीद सोळाव्या शतकाच्या अखेरीस, फारुकी राजवटीत बांधली. तिच्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. चारशे वर्षांहून जास्त काळ दोन्ही लेख एकाच छताखाली आहेत. बाजारात हिंदी, उर्दू, मराठी सगळं कानावर पडतं. आमची लुगडी बघून एक दुकानदार आपणहून मराठीत भाव सांगायला लागला.

पण घरात गोष्ट वेगळी होती. मैत्रिणीची दहा वर्षांची मुलगी मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. इकडे गावात तिच्या आजीला हिंदी येत नाही. फोनवर दोन वाक्यं होतात आणि आजी म्हणते, "दे तुझ्या आईला." मैत्रीण रात्री मला म्हणाली, "दिवसभर हिंदी बोलते, काही अडत नाही. पण भांडायला अन् रडायला मराठीच लागते गं. आणि माझी पोर माझ्या आईला परकी होऊन बसली."

मी काही उपाय घेऊन गेले नव्हते. आम्ही दोन दिवस नुसत्या बोललो. कॉलेजचं, शेतातलं, कोण कुणाच्या घरात काय बोललं ते. पोरगी आमच्यातून हलेना. काकूंनी उखाणे घातले, तेव्हा म्हणाली, "मुझे भी सिखाओ." तिला एक शिकवला. मग तिनंच आजीला फोन लावला आणि अडखळत तो उखाणा म्हटला. त्या दिवशी आजीनं "दे तुझ्या आईला" म्हटलं नाही.

एका भेटीनं मुलगी मराठी बोलायला लागली, असं मी सांगणार नाही. पण आपली बोली मुलांच्या कानावर पडायला घरात ती बोलणारं दुसरं माणूस लागतं. आई एकटी कुणाशी बोलणार? आपण गेलो की तिला बोलायला जोडीदारीण मिळते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एका मैत्रिणीचं नाव घ्या, जिच्याकडे बरीच वर्षं गेलेल्या नाही. सोबतीला एखादी घ्या. जाताना घरचा काळा मसाला आणि पापड्या न्या. बऱ्हाणपूरला जाणार असाल तर येताना मावा जिलेबी आणि दराबा आणा, म्हणजे घरातले पुढच्या वेळी कारण विचारणार नाहीत. फक्त बैठकीचा वार टाळून जा, नाहीतर गैरहजेरीचा दंड मीच घेईन.